प्रागचं ऑर्लोय घड्याळ: नुसत्या बाहुल्या न बघता ते वाचायचं कसं? (चार दिवस, सोबत ज्येष्ठ मंडळी)

सात_रस्ता विचारतात:

नमस्कार मंडळी. ८ मे शुक्रवार ते ११ मे सोमवार असे चार दिवस प्राग ठरलं आहे. बरोबर आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या घरात. बाबांचा गुडघा सपाटीवर चालतो, चढाला कुरकुरतो. मांसाहार नाही, अंडं चालतं. व्हिसा, विमान, हॉटेल झालेलं आहे, ते सोडून विचारते.

बाबांना पंचांगाची आवड. ओल्ड टाऊन हॉलच्या मनोऱ्यावर जे जुनं खगोलीय घड्याळ आहे, त्यासाठीच ते मुख्यतः येत आहेत. पण व्हिडिओंमध्ये फक्त तासाला येणाऱ्या बाहुल्या दिसतात. त्या तबकडीवरच्या कड्यांचा अर्थ काय? आपल्या पंचांगाशी ताडून बघता येईल का? शिवाय किल्ला कमी चढात कसा करायचा, पैसे कुठे बदलायचे आणि घरून खायला काय नेता येतं, हेही सांगा.

---

विजापूर_वेस:

ताई, बाबांना सांगा, त्यांची निवड अगदी योग्य आहे. बाहुल्यांचा खेळ एका मिनिटात संपतो आणि गर्दी पांगते. खरं बघण्यासारखं त्यानंतर मोकळं होतं.

घड्याळाला चेक भाषेत ‘ऑर्लोय’ म्हणतात. सर्वांत जुना भाग १४१० चा. घडवला कादान गावच्या मिकुलाश या घड्याळजीने. गणित प्रागच्या विद्यापीठातले प्राध्यापक यान शिंदेल यांचं मानतात. वरची मोठी तबकडी म्हणजे भिंतीवर चालणारा ॲस्ट्रोलेब आहे, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची आकाशातली जागा दाखवणारं जुनं तबकडीचं यंत्र. तिच्यावर एकाच वेळी चार प्रकारचा काळ दिसतो, म्हणून पहिल्या नजरेला गोंधळ होतो. एकेक कडं वेगळं काढून बघितलं की सोपं आहे.

आधी मागची न हलणारी पाटी बघा. मधला लहान निळा गोल म्हणजे पृथ्वी. वरचा मोठा निळा भाग म्हणजे क्षितिजावरचं आकाश, खालचा काळा भाग म्हणजे रात्र, मधला तांबूस पट्टा म्हणजे संधिप्रकाश. डाव्या बाजूला ‘ऑरोरा’ आणि ‘ऑर्टुस’ (उषा आणि उदय), उजव्या बाजूला ‘ऑकासुस’ आणि ‘क्रेपुस्कुलुम’ (अस्त आणि सांज) असे लॅटिन शब्द आहेत. एका दांड्यावर सोनेरी सूर्य आहे. तो निळ्यात असला तर दिवस, काळ्यात गेला तर रात्र. दांड्यावर तो वर्षभर मागेपुढे सरकत राहतो: उन्हाळ्यात केंद्रापासून लांब, हिवाळ्यात जवळ. निळा भाग बाहेरच्या कडेला रुंद आहे, म्हणून उन्हाळ्यातला सूर्य निळ्यात जास्त वेळ राहतो. दिनमान मोठं होणं इथे डोळ्यांनी दिसतं.

आता कडी. सोनेरी रोमन आकडे, एक ते बारा दोन वेळा, ही मध्य युरोपीय वेळ. दांड्याच्या टोकाला असलेला सोनेरी पंजा ती दाखवतो. त्याच्याबाहेर काळ्या कड्यावर जुन्या वळणाचे सोनेरी अंक १ ते २४ आहेत, ते जुने चेक तास. आपल्याकडे दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि तिथून ६० घटिका मोजतात. तिथे सूर्यास्ताला २४ पूर्ण होऊन पुन्हा शून्यापासून मोजणी व्हायची. अस्त रोज थोडा पुढेमागे होतो, म्हणून हे कडं वर्षभर सावकाश डोलत राहतं. १० मे च्या सुमारास तिथे सूर्य संध्याकाळी साडेआठच्या आसपास मावळतो. सकाळी साडेनऊला बघितलं तर पंजा काळ्या कड्यावर १३ च्या जवळ असेल, म्हणजे काल सूर्य मावळून १३ तास झाले. बाबांना आधी गणित करायला सांगा आणि मग वर बघा.

निळ्या भागातल्या सोनेरी वक्र रेषा आणि काळे अंक १ ते १२ हा तिसरा प्रकार. दिनमानाचे बारा सारखे भाग. राहुकाळासाठी आपण दिनमानाचे आठ भाग करतो, तसेच हे बारा. त्यामुळे हा ‘तास’ साठ मिनिटांचा नसतोच. प्रागला जूनच्या अखेरीस दिवस सुमारे १६ तास २० मिनिटांचा, म्हणून एक भाग ८२ मिनिटांचा. डिसेंबरअखेर दिवस जेमतेम ८ तासांचा, भाग ४० मिनिटांचा. तुमच्या तारखांना साधारण ७५ मिनिटं. आपल्या सोलापुरात हाच भाग वर्षभरात ५५ ते ६६ मिनिटांमध्येच फिरतो, कारण आपण १७.७ अंश उत्तरेला आणि प्राग ५० अंशांवर.

चौथा प्रकार नाक्षत्र काळ, म्हणजे सूर्याऐवजी ताऱ्यांच्या फेऱ्यावरून मोजलेला. तो एका छोट्या सोनेरी ताऱ्याने दिसतो.

आता राशी, आणि इथेच पंचांगवाल्यांची फसगत होते. तबकडीवर एका बाजूला सरकलेलं राशिचक्राचं कडं आहे, त्यावर चिन्हं आहेत आणि क्रम घड्याळाच्या उलट दिशेने जातो. सूर्य ज्या चिन्हावर, ती त्याची रास. १० मे ला तिथे वृषभ दिसेल (गोल आणि वर दोन शिंगं). दाते पंचांगात मात्र त्या दिवशी सूर्य मेषेतच असतो, वृषभेत जायला आणखी चार-पाच दिवस लागतात. घड्याळ बिघडलेलं नाही. ते सायन आहे, म्हणजे मेषारंभ वसंतसंपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखी होते तेव्हाच्या सूर्याच्या जागेपासून) धरतं. आपलं पंचांग निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजणारं. दोन्हींमधला फरक, म्हणजे अयनांश, सध्या २४ अंशांच्या थोडा वर आहे. म्हणूनच ऑर्लोयवर मकर संक्रांत २१-२२ डिसेंबरला होते आणि आपल्या सोलापुरात संक्रांतीची गड्ड्याची यात्रा १४-१५ जानेवारीच्या सुमारास भरते.

तिथी मात्र जुळते! दुसऱ्या दांड्यावर अर्धा चंदेरी, अर्धा काळा चंद्राचा गोळा आहे. तो आतल्या यंत्रणेने स्वतःभोवती फिरतो आणि कला दाखवतो. तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातलं अंतर, त्यात अयनांश येतच नाही. पंचांगातली तिथी संपण्याची वेळ घ्या, त्यातून साडेतीन तास वजा करा (मे मध्ये प्राग आपल्यापेक्षा तेवढं मागे असतं) आणि गोळा बघा.

आतल्या रचनेबद्दल एवढं सांगतो, कारण बाबा विचारतीलच. एकाच आसावर तीन मोठी चाकं आहेत: ३६५, ३६६ आणि ३७९ दात्यांची. तिन्हींना २४ दात्यांची सारखी चक्रं ढकलतात. ३६६ चं चाक सूर्याचं, २४ तासांत एक फेरा. ३६५ चं राशिचक्राचं. एक दाता कमी म्हणून फेरा २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पुरा, म्हणजे बरोबर एक नाक्षत्र दिवस. ३७९ चं चंद्राचं, त्याला सुमारे २४ तास ५१ मिनिटं लागतात. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो तो इथून. दात्यांच्या संख्येत आकाश बसवलं आहे.

---

चाटी_गल्ली:

वा, काय समजावलंत! एक भर घालतो. हे घड्याळ हानुश नावाच्या कारागिराने केलं आणि दुसरीकडे असं घड्याळ करू नये म्हणून नगरसभेने त्याचे डोळे काढले, ही गोष्टही बाबांना सांगा.

---

विजापूर_वेस:

गोष्ट म्हणून सांगा, इतिहास म्हणून नको. हानुशला बराच काळ कर्ता मानत होते, पण १४१० चा दस्तऐवज मिकुलाशचं नाव घेतो. डोळे काढल्याची कथा ही दंतकथाच.

खालच्या तबकडीबद्दल लिहायचं राहिलं. ती दिनदर्शिका आहे, ३६५ घरांची, आणि रोज एक घर सरकते. वरच्या टोकाला काटा आहे, तिथे आजचा दिवस. चित्रं योसेफ मानेस यांची, १८६५-६६ ची. मूळ पाटी संग्रहालयात आहे, भिंतीवर प्रतिकृती. बारा गोलांत बारा महिन्यांची शेतीची कामं रंगवली आहेत आणि मधल्या लहान गोलांत राशींची चित्रं. वर चिन्ह ओळखता आलं नाही तर खाली चित्र बघून ओळखा.

मे १९४५ मध्ये शहरातल्या लढाईत मनोरा आणि घड्याळ जळालं. १९४८ ला ते पुन्हा चालू झालं. तासाला खिडक्यांत येणारे आजचे लाकडी प्रेषित, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या बाहुल्या, त्यानंतरचे आहेत.

---

जुळे_सोलापूर_७:

पाय कसे वाचवायचे ते मी सांगते.

घड्याळ पहिल्या दिवशी नको. लांबचा प्रवास, झोप अपुरी, त्यात दुपारची गर्दी. शनिवारी किंवा रविवारी सकाळी पावणेनऊला तिथे उभे राहा. बाहुल्या सकाळी ९ ते रात्री ११ दर तासाला येतात, सकाळच्या पहिल्या वेळी गर्दी सर्वांत कमी. सांगाडा दोरी ओढतो आणि वाळूचं घड्याळ उलटतो, खिडक्यांमधून बारा प्रेषित जातात, शेवटी कोंबडा आरवतो आणि टोल पडतात. सगळे माना वर करून बघत असतात, तेवढ्यात खिसे कापले जातात. पाकीट आणि पासपोर्ट आतल्या खिशात, पर्स पुढे. खेळ संपला की दहा मिनिटं थांबा, मग तबकडीसमोर निवांत उभं राहता येतं. घड्याळ दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारच्या आसपास फोटोला उजेड चांगला. मनोऱ्यावर लिफ्ट जाते, बाबांना वर नेता येईल.

तिथेच जमिनीकडे बघा. फरसबंदीत २७ पांढरे क्रॉस आहेत: २१ जून १६२१ रोजी बोहेमियाच्या (आजच्या चेक देशाचा पश्चिम भाग) २७ बंडखोर पुढाऱ्यांना याच चौकात मारलं. चौकात पितळेची एक पट्टीही बसवलेली आहे. ती प्रागची मध्यान्हरेषा. मेरीच्या स्तंभाची सावली तिच्यावर पडली की मध्यान्ह. मूळ स्तंभ १९१८ मध्ये पाडला, २०२० मध्ये त्याची प्रतिकृती पुन्हा उभी केली.

किल्ला शनिवारी करा. रविवारी नको, कारण किल्ल्यातलं सेंट व्हायटस कॅथेड्रल रविवारी प्रार्थनेमुळे दुपारी १२ पर्यंत पर्यटकांना बंद असतं. आणि खालून चढत जाऊ नका! बहुतेक लोक चार्ल्स ब्रिजकडून नेरुदोव्हा रस्त्याने वर चढतात आणि किल्ल्यात पोचेपर्यंत दमतात. २२ नंबरची ट्राम धरा, किल्ल्याच्या थांब्याच्याही पुढे जाऊन ‘पोहोर्झेलेत्स’ला उतरा. हा थांबा किल्ल्यापेक्षा उंचावर आहे, तिथून सगळा उतार.

थांब्याजवळच टायको ब्राहे आणि केपलर या खगोलशास्त्रज्ञांचा जोडपुतळा आहे. बाबांसाठी तोही महत्त्वाचा: टायको १६०१ मध्ये प्रागलाच वारला, त्याचं थडगं चौकातल्या टीन चर्चमध्ये आहे, आणि त्याच्या मंगळाच्या वेधांवरून केपलरने ग्रहगतीचे पहिले दोन नियम इथेच मांडले, १६०९ ला प्रसिद्ध केले. पुढे पाच-सात मिनिटांवर लोरेटा हे तीर्थस्थान. तिथल्या मनोऱ्यात २७ घंटा आहेत, तासाला सूर वाजतात. वेळ साधून पोचा. मग ह्रादचानी चौकातून मुख्य दरवाजा. दुपारी १२ ला पहिल्या अंगणात पहारा बदलण्याचा समारंभ वाजतगाजत होतो. तो बघायचा तर साडेअकरालाच जागा धरावी लागते, आणि उभं राहावं लागतं. आई-बाबांना मी तो टाळायला सांगेन; त्याच वेळी कॅथेड्रलची रांग कमी असते.

किल्ल्यात शिरताना बॅगा तपासतात, मोठी सॅक नेऊ नका. मुख्य तिकिटात कॅथेड्रल, जुना राजवाडा, सेंट जॉर्ज बसिलिका आणि गोल्डन लेन येतात. तिकीट दोन दिवस चालतं, तेव्हा दमलात तर उरलेलं दुसऱ्या दिवशी करा. कॅथेड्रलचं काम १३४४ ला सुरू झालं आणि १९२९ ला पुरं झालं. डावीकडच्या काचचित्रांत चित्रकार आल्फोन्स मुखाची खिडकी चुकवू नका. जुन्या राजवाड्यातल्या व्लादिस्लाव दालनाकडे एक रुंद, सावकाश चढणारा जिना जातो. घोडेस्वारांना थेट आत येता यावं म्हणून तो तसा. गोल्डन लेनमध्ये २२ नंबरच्या घरात लेखक काफ्का १९१६-१७ मध्ये लिहायला बसायचा. घरं बुटकी आहेत, डोकं सांभाळा.

परत येताना नेरुदोव्हा उतरायची असेल तर उतरा, पण ती दगडगोट्यांची आणि तीव्र उताराची आहे. गुडघ्याला उतारही चढाइतकाच त्रास देतो. तसं वाटलं तर ‘प्राझ्स्की ह्राद’ थांब्यावरून पुन्हा २२ नंबर पकडून ‘मालोस्त्रान्स्का’ला या, तिथून पूल चालत गाठता येतो.

रविवार ज्यू वस्तीसाठी, योसेफोव्हसाठी. ज्यू संग्रहालय शनिवारी बंद असतं, म्हणून हा क्रम. पिंकास सिनॅगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) भिंतींवर नाझी काळात मारल्या गेलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या जवळपास ८०,००० ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. तिथे गप्प उभं राहावं, फोटोची घाई नको. तिथूनच जुन्या दफनभूमीत जातात: जागा नव्हती म्हणून थरावर थर, सर्वांत जुना दगड १४३९ चा. पुरुषांनी डोकं झाकायचं, बाबांची टोपी चालेल. बाहेर ज्यू टाऊन हॉलवर दोन घड्याळं आहेत. खालच्यावर हिब्रू अक्षरं आणि काटे उलटे फिरतात, कारण हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. घड्याळांसाठीच आलेल्या माणसाला हे दाखवायलाच हवं.

---

सात_रस्ता:

खूप खूप आभार, ताई आणि काका. बाबांनी आत्ताच दाते पंचांग काढून मे महिन्याची पानं वाचायला घेतली. पैसे आणि खाण्याचं कोणी सांगेल का? आणि चार्ल्स ब्रिज कधी?

---

बाळीवेस_दुकानदार:

पैसे: तिथे युरो नाही, कोरुना चालतो. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. रोख फक्त स्वच्छतागृह, छोटी दुकानं, टीप यांसाठी. एटीएममधून काढताना पडदा विचारतो, ‘रुपयांत हिशेब करू का?’ नाही म्हणा. कोरुनातच करा. रुपये निवडले की दर मशीनवाला ठरवतो आणि तो नेहमी महाग पडतो. दुकानातल्या कार्डमशीनलाही तेच लागू.

रस्त्यावर कोणी ‘चांगला दर देतो’ म्हणून आला तर थांबू नका. हातात दुसऱ्याच देशाच्या बाद झालेल्या नोटा पडतात. बदली केंद्रात ‘शून्य कमिशन’ची पाटी बघून भुलायचं नाही; हातात किती कोरुना येणार तेवढंच आधी विचारा. फसलात तरी १००० युरोपर्यंतच्या रकमेला तीन तासांत पावती दाखवून व्यवहार रद्द करता येतो, २०१९ पासून कायदाच आहे. म्हणून पावती टाकू नका.

८ मे ला तिथे सरकारी सुट्टी, त्या दिवशी मोठी दुकानं कायद्याने बंद. तुम्ही त्याच दिवशी पोचताय, म्हणजे दूध-ब्रेड-फळं घ्यायला लहान दुकान शोधावं लागेल.

ट्राम-मेट्रोचं तिकीट: ३० मिनिटं, ९० मिनिटं, २४ तास, ७२ तास. तुम्हाला ७२ तासांचं सोयीचं. मेट्रो स्टेशनच्या मशीनमधलं कागदी तिकीट पहिल्या प्रवासाला पिवळ्या खोक्यात एकदाच छापून घ्यायचं. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. साध्या कपड्यांतले तपासनीस दंड करतात आणि माहीत नव्हतं हे ऐकत नाहीत. दोनदा छापलं तरी बाद. ट्रामच्या आतल्या कार्डमशीनमधून घेतलेलं तिकीट मात्र छापलेलंच येतं, ते पुन्हा खोक्यात घालू नका. मेट्रोचे सरकते जिने लांब आणि आपल्याकडच्यापेक्षा वेगवान असतात. आईला हात धरून चढवा, उजवीकडे उभं राहा.

खाणं: शेंगाचटणी, कडक भाकरी, चिवडा, मेतकूट, लाडू (तेलाचे किंवा वनस्पती तुपाचे) बिनधास्त न्या. दूध-दुभतं युरोपात बाहेरून नेता येत नाही, म्हणून पेढे, खवा, साजूक तुपाचे लाडू, पनीर नको. मे आहे म्हणून हापूस न्यावासा वाटेल, तोही नको. ताज्या फळांना, पाल्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, कढीपत्त्यालासुद्धा. चटणी चेक-इन बॅगेत, घट्ट बंद डब्यात आणि वर प्लॅस्टिक. हातातल्या बॅगेत पूड दिसली की तपासणीत वेळ जातो, आणि तेल सुटलं तर कपड्यांचं काही खरं नाही.

---

जुळे_सोलापूर_७:

हॉटेलात ‘व्हेजिटेरियन’ एवढंच म्हणू नका, ‘बेझ मासा’ म्हणा, म्हणजे मांसाशिवाय. तरीही सुपाचं विचारा. लसणाचं ‘चेस्नेच्का’ बहुतेक वेळा मांसाच्या पाण्यात असतं. तळण डुकराच्या चरबीत, ‘सादलो’मध्ये आहे का, हेही विचारा. ‘स्माझेनी सीर’ म्हणजे पाव-चुऱ्यात तळलेलं चीज, बटाट्यासोबत, पोट भरतं. ‘ब्रांबोराक’ म्हणजे बटाट्याचं थालीपीठ, लसूण आणि मार्जोरम घातलेलं. बाबांना आवडेल, फक्त आत बेकन नाही याची खात्री करा. टेबलावर न मागता आलेल्या पावाचे पैसे लागू शकतात. नळाचं पाणी प्यायला चांगलं.

---

विजापूर_वेस:

चार्ल्स ब्रिज सोमवारी सकाळी साडेसहा-सातला. तोपर्यंत ऊन आलेलं असतं आणि पूल मोकळा. दहानंतर ५१६ मीटर खांद्याला खांदा लावून चालावं लागतं.

आधीचा पूल १३४२ च्या पुरात वाहून गेला. सम्राट चौथ्या कार्लने १३५७ मध्ये या पुलाचा पाया घातला. मुहूर्ताबद्दल एक मान्यता आहे: वर्ष १३५७, ९ तारीख, ७ वा महिना, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं. ओळीने लिहा, १-३-५-७-९-७-५-३-१. विषम आकडे चढतात आणि उतरतात. मिनिटापर्यंतचा लेखी पुरावा मागू नका, पण राजज्योतिष्याकडून मुहूर्त काढून पाया घालण्याची ती पद्धतच होती.

पुलावर ३० पुतळे, बरेचसे आता प्रतिकृती. नेपोमुकच्या संत यानचा ओळखा: डोक्याभोवती पाच तारे. त्याला १३९३ मध्ये व्ल्ताव्हा नदीत फेकलं. त्याच्या चौथऱ्यावरचं धातूचं चित्र लोकांच्या हातांनी चकचकीत झालेलं दिसेल.

आणि एक. बाबांना मोबाईलचं होकायंत्र आणि साधी काठी न्यायला सांगा. सोलापुरात आपला सूर्य सरासरी १२ वाजून २६ मिनिटांनी मध्यान्हीला येतो, कारण आपण प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या साडेसहा अंश पश्चिमेला. प्राग त्यांच्या प्रमाणरेषेच्या अर्ध्या अंशाहून किंचित जास्त पश्चिमेला आहे, म्हणून मध्यान्ह सव्वादोन मिनिटं उशिरा. उन्हाळी वेळ एक तास पुढे असते, आणि मे च्या या दिवसांत खरा सूर्य सरासरीपेक्षा साडेतीन मिनिटं लवकर मध्यान्हीला येतो, म्हणून तुमच्या तारखांना काठीची सावली दुपारी एकच्या मिनिटभर आधी बरोबर उत्तरेला जाईल. पितळी पट्टीपाशी १२:५५ ला पोचलात तर पुरे.